बर्मिंगहॅमच्या क्विल्ट शोला जायचंय: साताऱ्याच्या दोघी, सांगलीच्या दोघी. नियोजनात मदत हवी

शिवणपेटी

पुढच्या वर्षी जुलैअखेर बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्सला, म्हणजे तिकडच्या वाकळांच्या मेळ्याला, जायचं ठरतंय. आम्ही चौघी आहोत, दोघी सातारच्या आणि दोघी सांगलीच्या. दोघी हातावर वाकळ घालतात, एकीचं मशीनवर पॅचवर्क असतं, चौथी फक्त बघायला येतेय. एकीचं वय ६२, गुडघे कुरकुरतात. इंग्लंडला आधी कोणीच गेलेलं नाही. मुक्काम ८ ते ९ दिवसांचा.

विचारायचं आहे ते असं:
१. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा शो मोठा म्हणतात. मग बर्मिंगहॅम की ह्यूस्टन?
२. व्हिसाची तयारी कधीपासून करायची? दोन घरांचं उत्पन्न शेतीचं आहे.
३. विमान लंडनचं घ्यावं की थेट बर्मिंगहॅमचं?
४. सोबत आठ-दहा वाकळा नेऊन तिथे विकता येतील का?
५. स्पर्धेत वाकळ द्यायची झाली तर तयारी काय?
६. तिथून काय आणावं, काय आणू नये?

धावदोरा

पहिल्या प्रश्नापासून घेते. ह्यूस्टनचा इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शरद ऋतूत भरतो आणि पसारा खरोखरच मोठा असतो. केंटकीतल्या पडूकाला एप्रिलमध्ये क्विल्टवीक असतो. तिथे राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयही आहे, पण गाव लहान, त्यामुळे शोच्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील. दोन्हीकडे अमेरिकेचा व्हिसा लागतो. मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते आपल्या हातात नाही, आणि चौघींना एकाच सुमाराची मिळेलच असं नाही. पहिल्याच खेपेला बर्मिंगहॅम बरं.

बर्मिंगहॅमचा शो चार दिवसांचा असतो, गुरुवार ते रविवार. २०२४ ला १ ते ४ ऑगस्ट होता, २०२५ ला ३१ जुलै ते ३ ऑगस्ट. म्हणजे जुलैचा शेवट किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा धरून चाला. चारही दिवसांचं तिकीट काढू नका. गुरुवार आणि शुक्रवार पूर्ण द्या, शनिवार मोकळा ठेवा आणि रविवारी अर्धा दिवस पुन्हा शोला जा. सलग चार दिवस पाहिलं की तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांपुढे नुसते रंग नाचतात, टाका दिसायचा बंद होतो.

आयर्विन_पूल

तारीख बघून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, सांगलीच्या दोघींसाठी. जुलैअखेर ते ऑगस्टचा दुसरा आठवडा हा आपल्याकडे कृष्णेच्या पुराचा काळ. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. दोन्ही वेळा रस्ते दिवसच्या दिवस बंद होते. मुंबईचं विमान रात्रीचं असलं आणि तुम्ही त्याच दिवशी सकाळी सांगलीतून निघणार असलात, तर तो जुगार झाला.

माझं मत विचाराल तर सांगलीच्या दोघींनी उड्डाणाच्या निदान दोन दिवस आधी निघून पुणे किंवा मुंबई गाठावी. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी तिशीच्या पुढे चढत असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल, तर त्याच दिवशी बॅगा उचला. ४० ची वाट बघत बसू नका. पासपोर्ट, विम्याचे कागद आणि औषधं आठवडाभर आधीच पुण्यातल्या नातेवाइकाकडे ठेवली तरी चालेल, निघायची वेळ आली तर हातात कमी ओझं.

सातारकरांना पुराची भीती कमी. त्यांची अडचण खंबाटकी, आणि पुढे घाटात दरड. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा करत मुंबईला सकाळी पोचते. रात्रीच्या विमानासाठी ही गाडी धरायची असेल तर आदल्या रात्रीची धरा. आणि सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, रात्री रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते.

शिवणपेटी

पुराचं डोक्यातच नव्हतं! म्हणजे शो गुरुवारी असेल तर घरातून निघायचं शनिवारी की रविवारी?

आयर्विन_पूल

सांगलीतून शनिवारी. रविवार पुण्यात हाताशी राहतो. सोमवारी मुंबई आणि रात्रीचं विमान, मंगळवारी बर्मिंगहॅम. बुधवार झोपेला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा पहिले दोन दिवस पहाटे तीनला डोळे उघडतील आणि संध्याकाळी सातला मान पडेल. गुरुवारी ताजं असायचं तर बुधवार मोकळाच हवा.

माहुलीकर

विमान. मुंबई ते लंडन थेट जातं, पण तुम्हाला लंडन गाठून काय करायचंय? एमिरेट्सचं दुबईमार्गे बर्मिंगहॅमला जातं. बर्मिंगहॅम विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि एनईसी एकमेकांना खेटून आहेत. विमानतळावरून स्टेशनला फुकटची छोटी रेल्वे आहे, दोन मिनिटांत पोचवते, आणि स्टेशनातून झाकलेल्या पुलावरून चालत थेट एनईसीत. गुडघे दुखणाऱ्या बाईंसाठी याहून सोयीचं काही नाही. दुबईत विमान बदलताना विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त दोन विमानांमध्ये तीन-साडेतीन तास ठेवा. दुबईचं टर्मिनल लांबलचक आहे, दीड तासात धापा टाकत पळावं लागेल. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी तरी.

लंडनहून यायचंच ठरलं तर हीथ्रोवरून बस मिळते, नाहीतर यूस्टन स्टेशनवरून गाडी. स्टेशनचं नाव नीट वाचा: बर्मिंगहॅम इंटरनॅशनल. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट हे शहराच्या मध्यातलं. वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, स्वस्तातली जवळपास दोन तास. मॅरिलबोन स्टेशनहून सुटणाऱ्या गाड्याही बर्मिंगहॅमला जातात, पण त्या एनईसीच्या मार्गावर नाहीत, स्वस्त दिसल्या म्हणून त्यात बसू नका. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्हमध्ये तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. तुम्ही चौघी, सहज बसता.

राहायचं कुठे? एनईसीच्या आवारातली हॉटेलं शोच्या काळात महाग. शहरात न्यू स्ट्रीटजवळ राहा, गाडीने दहा-पंधरा मिनिटं. फक्त परत न करता येणारी स्वस्त खोली व्हिसा हातात यायच्या आत घेऊ नका. रद्द करता येणारी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

हळदगाडी

व्हिसा. प्रवासाच्या तारखेच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. तुम्ही २७ जुलैला निघणार असाल तर २७ एप्रिलपासून. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो, पण एप्रिल-मेमध्ये सुट्ट्यांची गर्दी असते. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि फोटो पुण्याच्या केंद्रावर. निकाल येईपर्यंत दुसरा परदेश प्रवास ठरवू नका. तुम्हाला सहा महिन्यांचा साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो.

अर्ज कुठे अडकतो ते लिहितो, शेतीवाल्यांसाठी खास.

पहिली गोष्ट, खात्यात अचानक मोठी रक्कम. व्हिसासाठी म्हणून दिराने किंवा भावाने लाख-दोन लाख टाकले आणि सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते महिनाभरापूर्वीच आलेले दिसले, की अधिकाऱ्याला ते पैसे तुमचे वाटत नाहीत. खरोखरची रक्कम असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडा: कारखान्याचं ऊसबिल, बाजार समितीतली हळद-बेदाण्याची पट्टी, ठेव मोडल्याची पावती.

दुसरी गोष्ट, मराठी कागद. सातबारा, आठ-अ, ऊसबिल मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतरावर 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं वाक्य, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. घरच्या मुलाने टाइप करून दिलेलं, ज्यावर यातलं काहीच नाही, ते न जोडल्यासारखंच.

तिसरी, परत येण्याचं कारण. घर, शेती, नोकरी, मुलांची शाळा, जे खरं असेल ते. एका पानाचं पत्र पुरे. त्यात शोचं नाव, तारखा, तिकिटं कशाची घेतली, राहणार कुठे, खर्च कोण करणार. चौघींच्या पत्रांत तारखा आणि हॉटेलचं नाव जुळलंच पाहिजे. एकीने ८ दिवस, दुसरीने १२ असं लिहिलं की प्रश्न उभा राहतो.

चौथी: वाकळा विकायचा विचार सोडा. व्हिजिटर व्हिसावर तिथे थेट ग्राहकाला माल विकता येत नाही. व्यापारी प्रदर्शनात जाऊन माहिती देणं, नमुना दाखवणं चालतं, विक्री नाही. बॅगेत आठ-दहा नव्या वाकळा आणि 'भेट द्यायला आणल्यात' असं उत्तर, हे विमानतळावरच्या माणसाला पटणार नाही. शिवाय खरोखर भेटीच्या वस्तू असल्या तरी ३९० पौंडांच्या वर गेल्या की जाहीर करून कर भरावा लागतो, आणि तो वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर.

शिवणपेटी

विकायचं रद्द. पण दाखवायला एखादी न्यावी असं वाटतंय. स्पर्धेत नाही जमलं तर निदान तिथल्या बायकांना हातात देऊन दाखवता येईल.

धावदोरा

एक न्या, आणि वापरातली न्या. जुनी, धुतलेली वाकळ हे अंथरूण-पांघरूण आहे, तिला कोणी माल म्हणत नाही. सिंगल आकाराची चार-पाच थरांची वाकळ अडीच-तीन किलो भरते. बॅगेच्या वजनात ते जड होतं. त्यापेक्षा दुपटं न्या, दोन बाय तीन फुटांचं, टाका तोच दिसतो.

स्पर्धेत द्यायचं असेल तर प्रवेशिका काही महिने आधी बंद होतात. नोंदणी ऑनलाइन, फोटो आधी, क्विल्ट नंतर. पारंपरिक, आर्ट, मॉडर्न, मिनिएचर, ग्रुपने केलेले असे वेगवेगळे गट असतात. चौघींनी मिळून केलेली वाकळ ग्रुपमध्ये बसते.

वाकळ टांगायची तर तिचे तीन दोष उघडे पडतात. अंथरुणावर ते कधी दिसत नाहीत.

१. पोट. आपण कडेपासून आत धावदोरा घालत जातो. प्रत्येक रांग कापड किंचित ओढते आणि जास्तीचं कापड आत सरकत सरकत मधोमध जमतं. अंगावर घेतली तर कळत नाही, भिंतीवर मात्र गरोदर दिसते! उपाय एकच, कच्चा टाका. वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या कच्च्या ओळी आधी सगळीकडे घालून घ्या, मधून बाहेर. मग धावदोरा खुशाल कडेपासून घाला. दर चार रांगांनी वाकळ सपाट पसरून हात फिरवा. फुगलेलं दिसलं तर तिथली रांग उसवा. पुढे ओढून बसवायला जाल तर चुण्या पडतील.

२. तिरकेपणा. दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर टांगल्यावर खालची कड लाटेसारखी दिसते. गोट लावायच्या आधी मोजा, नंतर मोजून काही करता येत नाही.

३. फाटणं. बहुतेक शोंमध्ये मागे ४ इंचाची नळी मागतात, त्यातून दांडा जातो. आपल्या वाकळेचं अस्तर म्हणजे विरलेलं लुगडं. नळी त्यावर शिवली आणि तीन किलोचं वजन आलं की अस्तर टाक्यांच्या ओळीवर फाटतं. म्हणून अस्तर घालतानाच वरच्या कडेला नवीन मांजरपाटाची फूटभर रुंद पट्टी आत धरा. नळी शिवताना सुई त्या पट्टीपर्यंत गेली पाहिजे, पुढच्या बाजूला दिसता कामा नये.

नळीचं माप: वाकळेच्या रुंदीपेक्षा दोन इंच कमी लांब आणि ९ इंच रुंद पट्टी. दोन्ही टोकं दुमडून शिवा, लांबीत दुमडून नळी करा, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली आंधळ्या (वरून न दिसणाऱ्या) टाक्याने लावा. मागच्या बाजूला घट्ट बसवू नका, बोटभर ढिली ठेवा. घट्ट बसवली तर दांड्याचा उंचवटा पुढून दिसतो.

टाकासुई

वरच्याला जोड. वास आणि रंग. वाकळ ट्रंकेतून काढून तशीच नेली तर डांबरगोळ्यांचा वास सगळ्या हॉलमध्ये फिरेल. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत दोन दिवस वाळवा, मग आठवडाभर हवेला टाका. पावसाळा लागायच्या आत, म्हणजे मेमध्ये. जुलैत साताऱ्यात ती वाळणारच नाही, आंबट वास धरेल.

धुवायच्या आधीच, रंग जातो का ते बघायला पांढरं ओलं फडकं लाल, जांभळ्या आणि गडद निळ्या तुकड्यांवर मिनिटभर दाबा. डाग आला तर ती वाकळ ओली होऊ देऊ नका आणि पांढऱ्या क्विल्टशेजारी ठेवू नका.

घडी: चौकोनी घडी केली की त्याच रेषेवर कापड तुटतं आणि तीच रेष टांगल्यावर दिसते. तिरकी, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात घडी घाला. दुमडीत चुरगाळलेला पातळ कागद भरा. नळकांड्यावर गुंडाळता आली तर उत्तम, पुढची बाजू बाहेर ठेवून.

परीक्षक काय बघतात? टाक्यांची लांबी सारखी आहे का, गोट आतून भरलेला आहे का, पोकळ वाटतो का, कोपरे टोकदार आहेत का, पेन्सिलीच्या खुणा राहिल्यात का, केस किंवा मांजराचे केस चिकटलेत का. हातावरच्या बारीक क्विल्टिंगमध्ये इंचाला आठ ते बारा टाके धरतात. आपले तीन ते पाच. घाबरू नका, पण इंचाला चार असतील तर सगळीकडे चारच हवेत. एका जागी तीन, पुढे सहा, तर गुण जातात.

कास_पठार

बघायचं कसं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दार साधारण दहाला उघडतं, पाचच्या सुमारास बंद, रविवारी थोडं लवकर. पहिला दीड तास फक्त स्पर्धेचे क्विल्ट. तेव्हा बहुतेक माणसं दुकानांकडे धावलेली असतात. प्रत्येक क्विल्ट आधी दहा फुटांवरून, मग हातभर अंतरावरून बघा. दुरून रंगाचं वजन कळतं, जवळून टाका. हात लावायचा नाही, हे आपल्या माणसांना सांगावं लागतं, कारण आपण कापड बोटाने बघतो. मागची बाजू बघायची असेल तर आसपासच्या स्वयंसेवकाला विचारा. अमेरिकेतल्या शोंमध्ये पांढरे हातमोजे घातलेल्या बायका कोपरा उचलून दाखवतात.

फोटो काढताना आधी पाटीचा, मग क्विल्टचा. उलट केलं तर घरी आल्यावर तीनशे फोटोंत कोणतं कोणाचं ते कळत नाही. काही दालनांत फोटोला मनाई असते, दाराशीच लिहिलेलं असतं.

कार्यशाळांचं तिकीट प्रवेशापेक्षा वेगळं असतं आणि गाजलेल्या शिक्षकांच्या जागा खूप आधी संपतात. नोंदणी सुरू झाली की लगेच बघा. चौघींनी एकच कार्यशाळा घेऊ नका. मशीनवाल्या ताईंनी फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने मोकळं फिरवत शिवायची, कार्यशाळा घ्यावी. वाकळवाल्यांनी हाताचं काम घ्यावं, वेल्श पद्धतीचं मिळालं तर तेच. वेल्श होलक्लॉथमध्ये ठिगळं नसतात, अख्ख्या कापडावर टाक्यांनीच नक्षी असते, चक्र आणि पानं. धावदोरा येणाऱ्या बाईला ते भाषांतराशिवाय समजतं.

एनईसीची फरशी सिमेंटची, चालणं भरपूर. नवे बूट नेऊ नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी चाकाची खुर्ची किंवा स्कूटर आधी नोंदवून ठेवावी. घडीचं स्टूल बघून ठेवा, दर पाऊण तासाने बसायचं.

माहुलीकर

खाण्याचं मी सांगतो. कंदी पेढे नेऊ नका. चेष्टा नाही. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, तूप सगळं त्यात आलं. विमानतळावर टाकून द्यावं लागेल आणि साताऱ्याचा जीव हळहळेल. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या चालतील. दशम्या मात्र दूध न घालता करा.

एनईसीतलं खाणं महाग आणि रांगेचं. शहरात शाकाहारी जेवण हवं असेल तर हँड्सवर्थच्या सोहो रोडला पंजाबी दुकानं आहेत, स्पार्कहिलकडे बाल्टी, म्हणजे छोट्या कढईत वाढलेला रस्सा, देणारी हॉटेलं.

टाकासुई

आणायचं काय. कापड आणू नका, हे माझं ठाम मत. पॅचवर्कचं सुती कापड वजनाला मीटरला १५० ते १७० ग्रॅम पडतं. वीस मीटर म्हणजे तीन-सव्वातीन किलो, आणि भाव ऐकून घाम फुटतो. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, विटा आहे.

धावदोरा

अर्धं पटलं. साधं कापड नकोच. पण छपाईच्या ज्या जाती इकडे मिळत नाहीत त्यांचे फॅट क्वार्टर घ्यावेत, दहा-बारा. फॅट क्वार्टर म्हणजे साधारण १८ बाय २२ इंचाचा तुकडा, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. बारा तुकडे अर्धा किलो. एवढं चालतं.

टाकासुई

बरं, दहा-बारा. पण आधी हे घ्या:

- हाताच्या क्विल्टिंगच्या 'बिट्वीन्स' सुया, ९ आणि १० नंबर. आखूड, कडक. आपल्या दाभणाची सवय असेल तर आधी ९. पाकीट हलकं, वर्षभर पुरतं.
- अंगुस्तान, दोन-तीन प्रकारचे, बोटाला घालून बघून.
- सुती क्विल्टिंग दोरा. हातासाठी मेण लावलेला वेगळा असतो, तो मशीनला घालू नका, टेन्शनच्या चकत्यांत मेण साचतं.
- लोकरीचं वॅडिंग (थरांच्या मधलं भरण), एका बेडसाठीचं. हवा काढलेल्या पिशवीत भरा, नाहीतर अर्धी बॅग जाते.
- साडेसहा बाय चोवीस इंचाची अॅक्रिलिक पट्टी. इंचाचीच घ्या. सेंटिमीटरचीही विकतात, आणि पाव इंच शिवणमायेचं गणित त्यावर बसत नाही. ही पट्टी मोठ्या बॅगेत तिरकी बसते. दोन्ही बाजूंनी चादर ठेवा, कोपरा तडकतो.

रोटरी कटर (गोल पात्याचा), कात्री, सुया सगळं चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या पर्समधल्या छोट्या कात्रीवरही मुंबईला अडवतात. आणि चिकटवायचा स्प्रे घेऊ नका! तिथे सगळ्या दुकानांत दिसतो, पण ज्वलनशील स्प्रे विमानात चेक-इनमध्येही चालत नाही.

हळदगाडी

मशीन घ्यायचा मोह झाला तर: ब्रिटनचं २३० व्होल्ट, आपल्यासारखंच, फक्त पिन वेगळी, तीन चौकोनी. अमेरिकेचं मशीन १२० व्होल्टचं, ते इथे थेट लावलं तर जळतं. ह्यूस्टन न करण्याचं हेही एक कारण धरा.

करपरताव्याची आशा ठेवू नका. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधल्या दुकानांत पर्यटकांना व्हॅट परत मिळत नाही. बिलं मात्र जपा, मुंबईला कस्टमने विचारलं तर लागतात.

कास_पठार

शो संपल्यावर दोन-तीन दिवस हातात राहतात ना? तीन जागा सुचवतो, एकच निवडा. लंडनचं व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस, २०२५ च्या मेअखेरीला उघडलं. तिथे 'ऑर्डर अॅन ऑब्जेक्ट' म्हणून सोय आहे: संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत निवडून ठेवायच्या, निदान दोन आठवडे आधी. मग त्या तुमच्यासाठी काढून ठेवतात. जुना क्विल्ट काचेबाहेर समोर बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. दुसरी जागा बाथजवळ क्लॅव्हर्टनचं अमेरिकन म्युझियम, तिथे अमेरिकन क्विल्टचा मोठा संग्रह आहे. बर्मिंगहॅमहून बाथला ब्रिस्टलला गाडी बदलून जाता येतं. तिसरी यॉर्क, क्विल्टर्स गिल्ड या ब्रिटिश संस्थेचं क्विल्ट संग्रहालय २०१५ पर्यंत तिकडे होतं, पण आता त्यांचा संग्रह बघायला मिळेल की नाही ते आधी विचारल्याशिवाय जाऊ नका.

मी असतो तर स्टोअरहाउस. पाच वस्तूंमध्ये दोन ब्रिटिश क्विल्ट, दोन बंगालची कांथा, आणि एक कोणती ते तुम्ही ठरवा.

शिवणपेटी

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत ठरलं ते असं: दुबईमार्गे बर्मिंगहॅम, खोली न्यू स्ट्रीटजवळ आणि रद्द करता येणारी, सांगलीच्या दोघी शनिवारीच निघणार. सातबाऱ्याचं भाषांतर मार्चमध्ये करून घेते. ग्रुप वाकळ घालायचीच, चार बाय पाच फूट. आता एकच शंका. चौघींचा हात वेगळा, एकीचे इंचाला तीन टाके, दुसरीचे पाच. मग सारखेपणाचं काय?

धावदोरा

चौघींनी चार कोपरे वाटून घेऊ नका, तिथेच फरक ठळक दिसतो. रांगा वाटा. पहिली रांग पहिलीची, दुसरी दुसरीची, अशी पाळी फिरवत कडेपासून आत. मग तीन आणि पाचचा फरक पट्ट्यापट्ट्यांनी सगळीकडे सारखा पसरतो आणि नक्षीसारखा वाचला जातो. दोरा चौघींनी एकाच रिळाचा वापरा. आणि कच्चा टाका एकीनेच घाला, ज्यांचा हात सगळ्यात ढिला आहे त्यांनी.

टाकासुई

एक भर. पाळी फिरवायची म्हणजे वाकळ सातारा-सांगली एसटीने ये-जा करणार. पावसाळ्याआधी संपवा, आणि पिशवी मेणकापडाची घ्या.